हडळ मूळची कोण?

वर्धापनदिनाची स्मरणिका म्हणजे मंगल कार्याचे पान. त्या पानावर हडळीचे नाव पाहून काही भगिनी कपाळाला हात लावतील, हे मी जाणून आहे. नगर जिल्ह्यात लिहिण्याजोग्या स्त्रियांची काय वाण आहे? चौंडीच्या अहिल्याबाई आहेत, किल्ला लढविणारी चांदबिबी आहे. परंतु त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ झाले व पुढेही होतील. हडळ हीदेखील आपल्याच घरातली स्त्री असून तिचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही. तो बायकांनीच लिहावयास हवा असे मला वाटते, म्हणून हा प्रपंच.

ओढ्याकाठची चिंच, गावाबाहेरची पडकी बारव, तिन्हीसांजेची वेळ. एवढे म्हटले की पुढचे वर्णन आपल्यापैकी कोणीही करील. केस मोकळे, अंगावर हिरवे लुगडे, हातात हिरवा चुडा, पावले उलटी, पुढून बाई आणि पाठीमागून नुसता हाडांचा सापळा. लहानपणी हे ऐकून आपण गोधडीत तोंड लपविले. पण ही बाई मरण्यापूर्वी कोण होती, हे विचारावयाचे राहूनच गेले.

त्याचे उत्तर जुन्या माणसांना ठाऊक होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ए. एम. टी. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील शाळाशाळांमधून प्रश्नावल्या पाठवून लोकसमजुती गोळा करावयास प्रारंभ केला. १९०९ साली नाशिकला त्याचा वध झाल्यावर आर. ई. एन्थोवेन याने ते काम हाती घेतले, आणि कोकणचा भाग १९१५ साली छापून निघाला. गावोगावच्या मास्तरांनी आपल्या भागातील भुतांची जणू खानेसुमारीच त्यात लिहून दिली आहे. त्यातली हडळ म्हणजे बाळंत झाल्यावर दहा दिवसांच्या आत, अथवा विटाळशी असताना मेलेली स्त्री. नवरा जिवंत असता जी मरते ती जखीण. बाळंतपणात दगावलेलीला कोठे अळवंतीण असेही म्हणतात. घाटावरही समजूत हीच. नावात काय तो फेर.

आता पुरुषभुतांकडे पाहा. मुंज होऊन लग्नापूर्वी गेलेला मुलगा मुंजा होतो, पैशाच्या किंवा विद्येच्या लोभात जीव अडकलेला ब्राह्मण समंध होतो. म्हणजे पुरुषाचे भूत होते ते त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छेमुळे. बाईचे भूत होण्याला इच्छेची जरूर नाही. तिने मूल जन्माला घालताना मरावे, एवढे पुरे! ज्या कामासाठी तिला ओटी भरून, हिरव्या बांगड्या भरून गौरविले, त्याच कामात ती पडली की तिच्या त्याच हिरव्या चुड्याची आपल्याला भीती वाटू लागते. हे कोडे मला पुष्कळ वर्षे सुटत नव्हते. ते थोडेफार सुटले ते जपानच्या एका भुतिणीमुळे.

जपानी लोककथांत तिला 'उबुमे' म्हणतात. उबुमे म्हणजे बाळंतपणात मेलेल्या स्त्रीचे भूत. पावसाळी रात्री नदीच्या उताराशी किंवा वाटेच्या फाट्यावर ती उभी असते. कमरेखालचे वस्त्र रक्ताने भिजलेले, कवेत तान्हे मूल. वाटसरू दिसला की ती त्याला विनविते, एवढे मूल जरा धरा. धरले की ते जड होऊ लागते, दगडासारखे होते. जो घाबरून टाकून देत नाही त्याला मोठे बळ लाभते, असे काही कथा सांगतात. बाराव्या शतकाच्या सुमारास संकलित झालेल्या 'कोंजाकु मोनोगातारी' या जुन्या कथासंग्रहातही ती आहे. तेथे एक धीट शिपाई पैज मारून रात्रीच्या वेळी नदी ओलांडतो, तिच्याकडून मूल घेतो आणि घरी येऊन पाहतो तो हातात नुसती झाडाची पाने! तोरियामा सेकिएन या चित्रकाराने १७७६ साली भुताखेतांचे सचित्र पुस्तक काढले, त्यातही पावसात मूल उराशी धरून ती उभी आहे.

तिची एक बहीण तर फारच केविलवाणी आहे. क्योटो शहरात एक गोष्ट सांगतात. एक फिकट चेहऱ्याची बाई रोज रात्री मिठाईच्या दुकानी येई, एक नाणे देई आणि खडीसाखरेसारखी गोळी घेऊन जाई. काही रात्री अशा गेल्यावर तिची नाणी सरली. दुकानदार तिच्या पाठोपाठ गेला, तो ती स्मशानात नाहीशी झाली. थडग्यातून रडणे ऐकू आले. उकरून पाहतात तो मेलेल्या आईपाशी जिवंत मूल, तोंडात गोळी! त्या गोष्टीच्या नावाची मिठाई क्योटोत अजूनही विकली जाते, आणि मोठी माणसे मुलांसाठी ती कौतुकाने नेतात.

उबुमे आणि हडळ या दोघींची ओळख करून देणारा कोणी नव्हता. मध्ये केवढा समुद्र! तरी दोघी सारख्या झाल्या. उत्तरेकडे हिंदीभाषी प्रांतात हीच चुडैल होते. मलायात ती पोंतियानाक होते. दूर मेक्सिकोत प्राचीन अझ्टेक लोक बाळंतपणात मेलेल्या बाईला रणात पडलेल्या योद्ध्याचा मान देत, ती मावळत्या सूर्याची पालखी वाहते असे म्हणत. आणि तेच लोक ठराविक दिवशी ती चव्हाट्यावर उतरते म्हणून मुलांना घरात कोंडूनही ठेवीत! एकमेकांना न पाहिलेल्या इतक्या लोकांनी एकच भूत कल्पिले, याचे कारण साधे आहे. त्या सर्वांनी एकच मरण पाहिले होते. तेही परके नव्हे, माजघराच्या अंधाऱ्या खोलीतले.

मात्र त्या मरणाशी वागण्याची रीत निरनिराळी होती. जपानात बाळंतिणीच्या रक्ताला आपल्यासारखाच विटाळ मानीत. त्या रक्तामुळे स्त्रिया रक्ताच्या कुंडाच्या नरकात पडतात, असे सांगणारी पोथीही तेथे प्रचारात होती. पण त्याबरोबर आणखी एक रूढी होती. बाळंतपणात बाई गेली की ओढ्याकाठी चार काठ्या रोवून त्यांना एक कापड चारी कोपऱ्यांनी बांधीत व शेजारी पळी ठेवीत. येणाऱ्याजाणाऱ्याने तिच्या नावाने पळीभर पाणी त्या कापडावर ओतावयाचे. कापड विरून पाणी आरपार जाऊ लागले की तिची सुटका झाली. १८७८ साली जपानात हिंडलेल्या इझाबेला बर्ड या इंग्रज प्रवासिनीने हे पाहून आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेविले आहे. नरकाची कल्पना क्रूर खरी, परंतु परक्या बाईसाठी वाटेत थांबून पाणी घालणारे लोकही त्याच गावातले होते.

आपल्याकडे काय करीत? बाळंतपणात बाई गेली तर स्मशानापासून घरापर्यंत राळ्याचे दाणे विखरीत आणि उंबऱ्यात लोखंडी खिळा ठोकीत, अशा नोंदी जुन्या कागदोपत्री आहेत. तिने दाणे वेचीत बसावे व घरी पोहोचू नये, हा हेतू. ज्या घरात ती माप ओलांडून आली, त्याच उंबऱ्यात खिळा! माझ्या माहेरी पणजोबांच्या एका बहिणीचे नाव कोणी घेत नसे. ती पहिल्या बाळंतपणात, माहेरीच, सातव्या दिवशी गेली. तिच्या नावाने अवसेला चिंचेखाली नैवेद्य जात असे. पण तिचे नाव काय होते असे मी आजीला विचारले, तेव्हा आजीने माझ्या तोंडावर हात ठेविला. नैवेद्याची आठवण राहिली आणि नाव बुडाले.

ती मेली कशाने? हडळीच्या व्याख्येतले ते दहा दिवस डोळ्यांपुढे ठेवा, म्हणजे डॉक्टरांचे पुस्तक उघडल्यासारखे होईल. पहिल्या दिवशी वार न पडल्याने किंवा गर्भाशय न आवळल्याने रक्त वाहून बाई पांढरीफटक पडते. हे मरण दोन-चार तासांतही येते. रक्तदाब चढून झटके येतात, डोळे फिरतात, दातखीळ बसते. आणि भोवतालच्या बायका म्हणतात, 'हिला धरले.' तिसऱ्या दिवसापासून दहाव्यापर्यंत भय असते ते सूतिकाज्वराचे. ताप मेंदूत चढला की ती बरळते, केस सोडते, मुलाला ओळखत नाही. पांढरी पडलेली, मोकळ्या केसांची, हिरव्या चुड्याची बाई. ही हडळ नव्हे तर शेवटच्या घटकेची बाळंतीण आहे, असे मला वाटते. घरच्यांनी तिला शेवटी जशी पाहिली तशीच ती चिंचेवर जाऊन बसली.

सूतिकाज्वराचे मूळ १८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने ओळखिले. मुडद्यांची चिरफाड करून तसेच बाळंतिणीला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हातांतूनच हा रोग जातो, असे त्याच्या ध्यानी आले. क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुवावयास लावल्याबरोबर मृत्यू झपाट्याने उतरले. पण शहाण्यासुरत्या डॉक्टरांनी त्याचीच हेटाळणी केली आणि १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला. मग आपल्या सुईणीला एकटीला दोष कशाला द्यावा? तिच्या हाती विळा होता, अंधार होता आणि अनुभव होता. जंतूंची गोष्ट तिला कोणी सांगितलीच नव्हती.

बाळाचेही तसेच. अस्वच्छ विळ्याने नाळ कापली, वर राख किंवा शेण लाविले, की धनुर्वाताचे विष आत शिरे. ते आपला प्रताप दाखवी बहुधा आठवड्याच्या आत. पाचव्या रात्री आपण सटवाईची पूजा करतो, पाटा-वरवंटा मांडतो, कोरा कागद व लेखणी ठेवितो, रात्रभर जागतो. ही जागरणाची रात्र आपल्या पूर्वजांनी उगाच नेमिली नाही. मुले याच सुमारास जात हे त्यांनी पाहिले होते. मरण आपल्या 'पाचवीला पुजलेले' होते, ते असे अक्षरशः.

आता एका छायाचित्राकडे वळू. १८८५ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते काढले गेले. आपापल्या देशाच्या पोशाखात तीन विद्यार्थिनी त्यात आहेत. एक दमास्कसची, एक जपानची ओकामी केई आणि एक नऊवारीतली आपली आनंदीबाई जोशी. आनंदीबाईंना चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. योग्य औषधपाणी मिळते तर वाचले असते, या दुःखातून त्या डॉक्टर व्हावयास निघाल्या, आणि पदवीचा प्रबंधही त्यांनी हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच लिहिला. १८८६ साली पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, क्षयाने त्यांचे पुण्यास निधन झाले. ओकामीबाई १८८९ साली पदवी घेऊन मायदेशी परतल्या व टोकियोच्या जिकेई रुग्णालयात आणि पुढे स्वतंत्रपणे स्त्रियांवर उपचार करीत राहिल्या. उबुमेच्या देशाची लेक आणि हडळीच्या देशाची लेक शेजारी शेजारी बसून एकच विद्या शिकत होत्या, हे ते छायाचित्र पाहताना माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही.

आपल्या नगरलाही ती विद्या लौकर पोहोचली. येथे १८३१ साली ठाणे मांडलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या डॉ. रूथ ह्यूम यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बायकामुलांसाठी इस्पितळ चालू केले. पुढे ते साल्व्हेशन आर्मीकडे गेले. आज आपण त्याला बूथ हॉस्पिटल म्हणतो. परंतु शहरातले इस्पितळ आणि पाथर्डी-जामखेडची वस्ती यांत अंतर फार. अडलेली बाई बैलगाडीत घालून आणावी, तो वाटेतच सारे आटोपे.

हे अंतर ज्यांनी तोडले त्यांची गोष्ट आपल्या जिल्ह्याने छाती पुढे काढून सांगावी अशी आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडच्या दुष्काळी मुलखात ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. थोड्याच काळात त्यांनी ओळखिले की गावात डॉक्टर राहावयाचा नाही आणि राहिला तरी बाया त्याच्याशी मोकळेपणी बोलावयाच्या नाहीत. म्हणून गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी व तिला शिकवावे असे ठरले. निवडलेल्या बायांपैकी कित्येकींना अक्षरओळख नव्हती. कित्येक दलित वस्तीतल्या, रोजंदारीवर जाणाऱ्या, कोणी नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत व गावी जाऊन शिकवीत. हात साबणाने कसे धुवावेत, नाळ नव्या पात्याने कशी कापावी, गरोदरपणी धनुर्वाताची लस का घ्यावी, कोणती बाई घरी बाळंत करावयाची आणि कोणती वेळेवर इस्पितळात न्यावयाची. हे सारे त्यांनी तोंडपाठ केले. १९७१च्या सुमारास त्या भागात हजारी सुमारे १७६ अर्भके वर्षाच्या आत जात. १९९०च्या दशकात हे प्रमाण पंचविशीच्या आसपास आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ सालच्या आपल्या पुस्तकात जामखेडचा दाखला दिला आणि १९७९ साली आरोळे पति-पत्नींना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेबलताई १९९९ मध्ये व डॉक्टर २०११ मध्ये गेले. पण मला त्या दोघांइतकेच कौतुक वाटते ते त्या बायांचे. ज्यांची सावली नको असे गाव म्हणत होता, त्यांच्याच हातांत गावाने पुढे आपली लेक-सून विश्वासाने दिली.

जपाननेही असेच केले. तेथे १९४८ पासून प्रत्येक गरोदर स्त्रीला आई-बाळाची पुस्तिका मिळते आणि तीत तपासण्या, वजन, लसी सारे टिपले जाते. आपली आशाताई जे माता-बाल कार्ड भरते ते त्याच जातीचे. माता व नवजात यांचा धनुर्वात भारतातून २०१५ साली हटल्याचे जाहीर झाले. २०१८ ते २० या काळात महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू झाले, तर साऱ्या देशात ९७. पुष्कळ उतरले खरे. परंतु तेहतीस हा नुसता आकडा नव्हे, त्या तेहतीस बाळंतिणी आहेत.

आणि भूत अजून पुरते गेलेले नाही. बाळंतिणीला झटके आले किंवा ती बरळू लागली की आजही कोठे कोठे आधी देवऋषी येतो आणि मग गाडी येते. कोणी केस धरून मारतो, कोणी मिरच्यांची धुरी देतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हे त्या कायद्याने गुन्हे ठरले आहेत. ज्या बाईचे रक्त वाहत आहे तिच्यापाशी दोन तास असतात. ते अंगाऱ्यात घालवावयाचे नाहीत. १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी व मगच सटवाईला हात जोडावेत. सटवाई काही रागावणार नाही. तीही बाळंतिणीचीच देवी आहे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना मांडते. आपल्या दरएकीच्या माहेरी-सासरी मागे पाहिले तर बाळंतपणात गेलेली एखादी तरी सापडेल. कोणाची आत्या, कोणाची थोरली जाऊ, कोणाची पहिली सून. वंशावळीत तिचे नाव नसते, भिंतीवर फोटो नसतो. ज्या वृद्ध भगिनींना अशी नावे आठवतात त्यांच्यापाशी बसून ती लिहून घ्यावीत: नाव, गाव, वय आणि कितव्या दिवशी गेली एवढेच. यासाठी मंडळाने एक वही घालावी आणि पुढील वर्धापनदिनी ती सर्वांसमोर वाचावी. जपानी वाटसरू पळीभर पाणी घालीत. आपण निदान तिला नावाने हाक मारू. आजच्या सत्तरी-ऐंशीतल्या बायका आहेत तोवरच हे होण्याजोगे आहे, म्हणून काम या महिन्यातच सुरू व्हावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.